वडिलांची गाडी

गेल्या उन्हाळ्यात लान्सिंगला एका स्नेह्यांकडे मुंज होती. मुंज सकाळी आटोपली, जेवणं झाली, जिलब्या संपल्या, आणि संध्याकाळच्या चहाला अजून तीन तास होते. माझा दहा वर्षांचा नातू कंटाळून कोचावर आडवा झालेला. यजमान म्हणाले, ‘‘अहो, गावात गाड्यांचं म्युझियम आहे, त्याला घेऊन जा.’’ म्हणून आम्ही दोघं निघालो.

हे म्युझियम रॅन्सम ओल्ड्स या माणसाच्या नावाचं. आत शिरल्यावर नातू इकडून तिकडे धावला, घोडा नसलेल्या टांग्यासारख्या गाड्या पाहून हसला, मोठ्या पंखांच्या गाड्या पाहून थबकला. शेवटी मला विचारतो, ‘‘आजोबा, इतक्या गाड्या केल्या, मग ही कंपनी आता कुठे आहे? रस्त्यावर एक पण दिसत नाही.’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या कंपनीची गाडी मी दहा वर्षं चालवली होती, आणि ती रस्त्यावर दिसत नाही याला थोडासा मीही कारणीभूत होतो. त्याला तिथे जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगतो.

१९७९ साली मी सेकंडहँड कटलस सुप्रीम घेतली. ओल्ड्समोबीलची, १९७६ चं मॉडेल, चहात दूध जास्त झाल्यावर येतो तशा रंगाची. त्या वेळी आपल्यातल्या सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं. बॉनेटवर (म्हणजे इथल्या भाषेत हूडवर) हात ठेवून फोटो काढला आणि सांगलीला पाठवला. आईने तो आळीभर फिरवला. वडिलांचं एरोग्रॅम आलं, त्यात कौतुकाचं एक वाक्य आणि पुढे एकच प्रश्न: ‘‘अ‍ॅव्हरेज किती देते?’’ मी प्रामाणिकपणे कळवलं, गॅलनला पंधरा-सोळा मैल. त्यांनी त्याचे किलोमीटर आणि लिटर केले असणार, कारण पुढच्या पत्रात लिहिलं होतं, ‘‘विकून टाकावी.’’

पण मी काही ती विकली नाही. त्या गाडीत एक गंमत होती, जी सांगलीला पत्रातून कळवता येण्यासारखी नव्हती. साधी शेव्हरोले घेतली असती तर विद्यार्थिदशा अजून संपली नाही असं वाटलं असतं. कॅडिलॅक म्हणजे आपल्यातल्या डॉक्टर मंडळींचं काम. ओल्ड्समोबील बरोब्बर मधे. ‘बरं चाललंय’ असं न बोलता सांगणारी गाडी. आपल्या मध्यमवर्गीय मनाला हे फार मानवतं.

हे ‘मधे’ असणं योगायोगाने आलेलं नव्हतं, कुणीतरी विचारपूर्वक रचलेलं होतं. रॅन्सम ओल्ड्सने १८९७ साली लान्सिंगमध्येच कंपनी काढली. पुढे डेट्रॉइटला कारखाना घातला, तो मार्च १९०१ मध्ये जळाला. त्या आगीतून एकच छोटी गाडी बाहेर काढता आली, म्हणून तीच बनवायची ठरली, अशी कथा सांगतात. पुढचा भाग घसरगाडीसारखा वळवलेला, म्हणून नाव ‘कर्व्हड डॅश’, किंमत ६५० डॉलर. १९०१ मध्ये सव्वाचारशे गाड्या झाल्या, १९०२ मध्ये अडीच हजार. हेन्री फोर्डचा फिरता पट्टा यायला अजून दहा-अकरा वर्षं होती. भरपूर संख्येने, एकसारख्या, सुट्या भागांची जुळणी करून गाड्या बनवायचं काम अमेरिकेत आधी ओल्ड्सने करून दाखवलं. स्वतः ओल्ड्सचं भागीदारांशी पटलं नाही. १९०४ मध्ये तो बाहेर पडला आणि आपल्या नावाच्या आद्याक्षरांनी ‘रिओ’ ही दुसरी कंपनी काढली. १९०८ मध्ये ओल्ड्समोबील नव्यानेच जन्मलेल्या जनरल मोटर्सच्या पदरात गेली.

तिथे १९२० च्या दशकात अल्फ्रेड स्लोन नावाच्या गृहस्थांनी एक शिडी उभी केली. सगळ्यात खाली शेव्हरोले, मग पाँटियाक, मग ओल्ड्समोबील, त्यावर ब्यूक आणि वर कॅडिलॅक. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक गरजेला एक गाडी, असं त्यांचं धोरण. पगार वाढला की माणसाने पायरी चढायची, पण जनरल मोटर्सच्या घराबाहेर पडायचं नाही. आपल्याकडे दादरच्या चाळीतून पार्ल्याच्या ब्लॉकमध्ये जावं तसं!

या शिडीची मधली पायरी म्हणून ओल्ड्समोबीलच्या वाट्याला आणखी एक काम आलं. नवा प्रयोग कॅडिलॅकवर करायचा आणि तो फसला तर अब्रू जायची. शेव्हरोलेवर करायचा तर लाखो गाड्यांत बिघाड व्हायचा. मधे करायचा तर नुकसान बेताचं, आणि गिऱ्हाईक असं की चार पैसे जास्त टाकायला तयार. म्हणून नव्या गोष्टी बऱ्याचदा इथे आधी आल्या. आज आपण ज्याच्यावर निवांत बसतो ते क्लचचं पेडल नसलेलं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, ‘हायड्रामॅटिक’, ओल्ड्समोबीलने १९४० च्या मॉडेलमध्ये दिलं. १९४९ मध्ये ‘रॉकेट’ नावाचं आठ सिलिंडरचं जोरदार इंजिन आलं. ते ज्या ‘रॉकेट ८८’ गाडीत बसवलं तिच्यावर १९५१ मध्ये गाणं निघालं, आणि रॉक अँड रोलची सुरुवात त्या गाण्यापासून धरणारे पुष्कळ जण आहेत. १९६२ मध्ये टर्बोचार्जर, १९६६ च्या टोरोनॅडोत पुढच्या चाकांना जोर देणारी रचना, जी त्याआधी जवळजवळ तीस वर्षं कुठल्याच अमेरिकन गाडीत नव्हती. थोडक्यात, ओल्ड्समोबील म्हणजे घरातला मधला मुलगा. थोरल्याचा मान नाही, धाकट्याचे लाड नाहीत, पण हुशार.

१९७६ मध्ये कटलस ही अमेरिकेतली सगळ्यात जास्त खपणारी गाडी होती. १९७७ मध्ये ओल्ड्समोबीलचा वर्षाचा खप पहिल्यांदा दहा लाखांवर गेला. मी गाडी घेतली ती अशी ऐन भराच्या काळात. आपल्या गणपतीच्या दिवशी शाळेचा हॉल भाड्याने घेत असू, त्याच्या पार्किंग लॉटमध्ये तीन-चार कटलस सहज उभ्या असायच्या. आरती संपल्यावर अंधारात दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावून बघणं हाही एक कार्यक्रम असे.

मग बिघडलं कुठे? लोक म्हणतात, जपानी गाड्या आल्या. त्या आल्या हे खरंच, पण पायरीला वाळवी घरातूनच लागलेली होती.

पहिला धक्का १९७७ चाच. ‘रॉकेट’ इंजिनची मागणी इतकी वाढली की ती पुरेनात, तेव्हा कंपनीने काही ओल्ड्समोबीलमध्ये शेव्हरोलेची इंजिनं बसवली, आणि ते गिऱ्हाइकांना सांगितलं नाही. ही गोष्ट उघडकीला आल्यावर लोक कोर्टात गेले, कंपनीला भरपाई द्यावी लागली. इंजिन काही वाईट नव्हतं. पण मधल्या पायरीचे पैसे देऊन खालच्या पायरीचं इंजिन मिळत असेल, तर शिडी चढायची कशाला, हा प्रश्न लोकांना पडला.

दुसरा धक्का डिझेलचा. तेलाची टंचाई झाली, सरकारने मायलेजचे नियम घातले, म्हणून १९७८ पासून ओल्ड्समोबीलने डिझेलचं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. डिझेल इंजिनात आतला दाब पेट्रोलपेक्षा खूपच जास्त. पण जुनीच यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून वरचं झाकण, ज्याला सिलिंडर हेड म्हणतात, ते धरून ठेवणारे बोल्ट पेट्रोल इंजिनाइतकेच ठेवले. ते ताणले जायचे, गॅस्केट फुटायचं, आणि इंजिन बसायचं. इंधनातलं पाणी वेगळं करायची सोयही दिलेली नव्हती. १९८५ मध्ये ते इंजिन बंद झालं. प्रयोगशाळेचं नाव मिळवलेल्या घराण्यात प्रयोग फसला, आणि तो गिऱ्हाइकाच्या दारात फसला.

तिसरी गोष्ट सगळ्यात मुळाशी जाणारी. खर्च वाचवायला एकच सांगाडा चौघांत वाटून घ्यायची पद्धत वाढत गेली. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकाने मुखपृष्ठावर जनरल मोटर्सच्या चार नावांच्या चार गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून दाखवल्या: शेव्हरोले, पाँटियाक, ओल्ड्समोबील, ब्यूक. चौघी जुळ्या बहिणी! १९८४ मध्ये कंपनीची फेररचना झाली आणि प्रत्येक नावामागचे वेगळे इंजिनिअर, वेगळा विचार उरला नाही. कटलस हे नाव खपतं म्हणून ते एकमेकींशी काही संबंध नसलेल्या तीन-तीन गाड्यांना लावलं. १९८५ मध्ये खप पुन्हा दहा लाखांवर होता, त्यामुळे वरच्या मजल्यावर कुणाला झोपेतून उठावंसं वाटलं नाही.

आणि मग आली ती जाहिरात. १९८८ साल. टीव्हीवर नामांकित मंडळी आपल्या मुलामुलींना घेऊन नव्या गाडीतून येत, आणि शेवटी घोषवाक्य असे, की ही काही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबील नव्हे. आम्ही जेवत होतो. माझा आठ वर्षांचा मुलगा घास हातात तसाच धरून माझ्याकडे वळला. ‘‘बाबा, म्हणजे आपली गाडी वाईट आहे का?’’

ही हसायला लागली. मला हसू येईना. माझ्या वडिलांनी जन्मभर सायकल चालवली. ओल्ड्समोबील असलेले ‘वडील’ आमच्या घराण्यात एकच, आणि ते समोर आमटीभात खात बसले होते. जाहिरातीतला तो जुनाट म्हातारा म्हणजे मीच. वय वर्षं अडतीस.

पुढे मार्केटिंगच्या पुस्तकांत ही जाहिरात कशी करू नये याचा नमुना म्हणून गाजली. बापाला दुखवलं आणि पोराला पटलं नाही. कारण नवी म्हणून जी गाडी दाखवत होते ती जुन्यापेक्षा फारशी वेगळी नव्हती, आणि जुनी म्हणून जिला हिणवत होते ती विकत घेणारेच तर दुकानात येत होते.

१९८९ मध्ये कटलस दमली. तिच्या जागी काय घ्यायचं यावर आमच्याकडे पाच मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही. दोन मित्रांकडे होंडा अ‍ॅकॉर्ड होती, ती ओहायोतच बनत होती, म्हणून देशद्रोह केल्यासारखंही वाटलं नाही. त्या वर्षी अ‍ॅकॉर्ड हीच अमेरिकेतली सगळ्यात जास्त खपलेली गाडी ठरली. सांगलीला अ‍ॅव्हरेज कळवलं. वडिलांचं उत्तर आलं, ‘‘उत्तम.’’ दहा वर्षांनी त्यांचं ऐकलं एकदाचं! पुढे गणपतीच्या पार्किंग लॉटमध्ये अ‍ॅकॉर्ड आणि कॅमरी यांचीच रांग लागू लागली. आपण कुणी कुणाला सांगून गेलो नाही. एकेक करत निघून गेलो.

ओल्ड्समोबीलने धडपड केली. १९९५ च्या मॉडेलची ‘ऑरोरा’ ही खरोखर देखणी गाडी काढली. पण गंमत बघा, तिच्यावर बाहेरून ओल्ड्समोबील हे नाव जवळजवळ गायबच होतं. ज्या नावाची आपणच लाज वाटून घेतली, ते दुसऱ्याने अभिमानाने का मिरवावं? २००० साली खप तीन लाखांच्याही खाली आला, आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला जनरल मोटर्सने हे नाव बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेवटची गाडी, एक अलेरो, २९ एप्रिल २००४ रोजी लान्सिंगमध्ये तयार झाली. कामगारांनी तिच्यावर आपापल्या सह्या केल्या. १०७ वर्षं, साडेतीन कोटींहून जास्त गाड्या. तो कारखाना २००५ मध्ये बंद झाला आणि नंतर पाडला. जनरल मोटर्सचे दुसरे कारखाने लान्सिंगमध्ये आजही चालू आहेत, पण गावाचं नाव ज्या गाडीने जगाला माहीत करून दिलं ती तिथे बनत नाही. मधल्या पायऱ्या मग एकेक करून निखळल्या. क्रायस्लरची प्लिमथ २००१ मध्येच गेली होती. जनरल मोटर्सचं २००९ मध्ये दिवाळं वाजलं आणि पाँटियाक गेली. फोर्डची मर्क्युरी तिच्या पाठोपाठ.

हे सगळं नातवाला सांगायचं तर संध्याकाळचा चहा बुडाला असता. मी एवढंच म्हटलं, ‘‘अरे, वरच्या आणि खालच्या गाडीत आणि हिच्यात काय फरक, ते कंपनी विसरली. मग लोकही विसरले.’’

‘‘तू पण विसरलास?’’

‘‘मी पण.’’

तेवढ्यात त्याने कोपऱ्यातली एक कटलस पाहिली. माझ्यापेक्षा जुनं मॉडेल, रंग लाल, चकचकीत. ‘‘आजोबा, ही तर एकदम कूल आहे! तू असली चालवायचास?’’ ज्या गाडीबद्दल बापाला शंका होती, ती लेकाला आवडून गेली. आमच्या मुलाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘त्याला म्हणावं, माझ्या मिनीव्हॅनबद्दल काय म्हणतो तेही सांग.’’

नातवाने फोन काढला, म्हणाला, ‘‘उभा राहा, फोटो काढतो.’’ सवयीने हात बॉनेटकडे गेला. शेजारी पाटी होती, गाड्यांना हात लावू नये. म्हणून फोटोत माझा हात बॉनेटच्या इंचभर वर, हवेतच आहे.

सांगलीच्या घरातला जुना फोटो बहिणीकडे आहे. तिला हा नवा पाठवला. तासाभरात उत्तर आलं: ‘‘छान. अ‍ॅव्हरेज किती देते?’’