जुनी शिदोरी, नवी वाट

एका खेळात कीर्ती मिळविलेला खेळाडू दुसऱ्या खेळाकडे वळला, की त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. जातिवंत खेळाडूला सर्व खेळ सारखेच, असे काहींना वाटते. धरसोड करणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही, असे इतर बजावतात. ही दोन्ही मते अपुरी होत. खेळ बदलूनही यश मिळते. परंतु ते जुन्या कीर्तीच्या बळावर मिळत नाही.

ब्रिटनची रिबेका रोमेरो ही नाव वल्हविण्यात निष्णात होती. २००४ साली अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत तिने तीन सहकारिणींसह रौप्यपदक मिळविले. पुढे तिने वल्ही खाली ठेवली, सायकलीवर मांड ठोकली आणि २००८ साली बीजिंग येथे सायकलच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. नाव आणि सायकल यांचा संबंध तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु वल्हे हातांत असले, तरी नावेला मुख्य रेटा पायांचाच असतो. सरकत्या आसनावर बसलेला खेळाडू प्रथम पायांनी नेट लावतो. शिवाय या दोन्ही शर्यती काही मिनिटे चालतात आणि तेवढा वेळ छातीची व हृदयाची कठोर परीक्षा पाहतात. रोमेरोची शिदोरी नव्या वाटेवर उपयोगी पडली, ती यामुळे.

अमेरिकेच्या मायकेल जॉर्डनची गोष्ट निराळी. बास्केटबॉलमध्ये त्याला तोड नव्हती. १९९४ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो बेसबॉलकडे वळला आणि दुय्यम श्रेणीच्या एका संघातून १२७ सामने खेळला. पण सरासरी पाच खेपांत एकदाच त्याचा फटका साधला. बळ, चापल्य, जिद्द यांपैकी कशाचीही त्याच्या ठायी उणीव नव्हती. वेगाने येणाऱ्या चेंडूचे वळण निमिषार्धात ओळखणारी नजर मात्र वर्षानुवर्षांच्या सरावानेच सिद्ध होते, आणि तेवढा काळ त्याने त्या खेळाला दिला नव्हता. १९९५ साली तो आपल्या खेळाकडे परतला. अंतर मोठे आणि अवधी थोडा, हेच त्या अपयशाचे कारण होय.

अवधी मिळाला, तर केवढे अंतर तोडता येते, हे मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्रावरून दिसते. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे हे सुपुत्र भारतीय सैन्यात मुष्टियोद्धे म्हणून नावाजलेले होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध कायमचे सुटले. उपचार म्हणून त्यांनी पोहण्याचा आश्रय घेतला. ज्या बाहूंनी ठोसे लगावले, त्यांनाच आता सारे शरीर पाण्यातून ओढून न्यावयाचे होते. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडलबर्ग येथे पॅरालिंपिक सामन्यांत त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून जागतिक विक्रम केला आणि भारताला त्या सामन्यांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. रणांगणापासून त्या पदकापर्यंत सात वर्षे लोटली होती.

तात्पर्य, बळ, दमसास आणि शिस्त ही शिदोरी कोणत्याही वाटेवर बरोबर नेता येते. नव्या खेळाचे कौशल्य मात्र वाटेतच मिळवावे लागते. ती वाट जितकी लांब, तितका काळ लागणारच. तो काळ खेळाडूने शिष्य होऊन घालवावा आणि समाजाने त्याला तो धीराने द्यावा. कालचा विजेता आज नवख्यासारखा अडखळताना दिसला, तर त्याची थट्टा करणे अनुदार होय. शिखर पाहिलेल्या मनुष्याने पुन्हा पायथ्याशी उभे राहणे, यासही मोठे धैर्य लागते.