वैमानिकाची तालीम : माल पाहून पैसे मोजा

गेल्या महिन्यात पोखर्णीतील आमच्या दुकानावर एक जुने गिऱ्हाईक आले. शिवणकाम करणारा माणूस. म्हणाले, "भाईसाब, पोरगा बारावी सायन्स झाला, वैमानिक होतो म्हणतो. प्लॉट विकून टाकू का?"

व्यापारी बंधूंनो, पोराच्या इराद्याला मी हसलो नाही. हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा या बेकरीत काम करणाऱ्या बापाच्या मुलीने २०१३ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. मात्र तिच्यामागे आधी एका उर्दू दैनिकाचे संपादक उभे राहिले, पुढे तेलंगण सरकारने मदत केली. हिंमत तिची होती, सारा भार एकट्या बापावर नव्हता. आपल्याकडे तो प्लॉटवर येतो.

आता हिशेब पाहा. परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागते. हवामान, दिशादर्शन, हवाई नियम यांचे पेपर वेगळे. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात, कुठे त्याहून जास्त. परवाना हाती आला तरी एअरबस किंवा बोईंग चालवण्याची तालीम निराळी, तिचेही लाखो रुपये. व्याजाचे कर्ज नको म्हणणाऱ्या घराने तर दहा वेळा विचार करावा.

माझ्या मेहुण्याच्या मुलाने परराज्यातील एका अकादमीत सगळी फी एकरकमी भरली. मग कधी विमान दुरुस्तीला, कधी शिकवणारा नाही, कधी पावसाळा. दीड वर्षाचे काम तीन वर्षांवर गेले. खोलीभाडे आणि जेवण चालूच. अहो, आपण साधे थान घेतो तेव्हाही उलगडून, मोजून घेतो!

म्हणून त्या गिऱ्हाइकाला सांगितले : आधी सरकारमान्य डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर काही हजारांत बात मिटेल. त्यानंतर गोंदियाजवळ बिरसीला जा, बारामतीला जा. चालू स्थितीतली विमाने किती, शिकवणारे किती, गेल्या वर्षी किती पोरांचे २०० तास पुरे झाले, हे विचारा. तिथल्या पोरांशी चहावर बोला, कार्यालयात नव्हे. फी हप्त्याने, उडालेल्या तासांप्रमाणे घेतात का, ते कागदावर लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याच्याकडे पैसा ठेवू नका.

पोरगा शेजारीच उभा होता. त्याला डॉक्टरांचा पत्ता काढायला लावला. तपासणीचा कागद घेऊन या म्हटले, प्लॉटचे मग बोलू.