सातबाऱ्यावर माझंही नाव हवं

पहाटे चारला उठते. सडा, तुळशीला पाणी, मग चूल. भाकरी थापताना तोंडात हरिपाठ असतो. आठच्या आत खुरपं घेऊन सोयाबीनमध्ये. बार्शी तालुक्यातल्या आमच्या तीन एकरांत बावीस वर्षं माझा घाम मुरलाय. दोन्ही लेकरं इथल्याच चिंचेला बांधलेल्या झोळीत वाढली.

एकादशी कधी मोडली नाही. लोक मला घरची लक्ष्मी म्हणतात. पण गेल्या खरिपात मालक अंथरुणाला खिळले, म्हणून पीककर्जासाठी मी बँकेत गेले. पहिलाच प्रश्न आला, ‘सातबारा कुणाच्या नावावर?’ तो मालकांच्या नावावर, म्हणून रिकाम्या हातानं परतले. त्या रात्री दिवा लावताना हात थरथरला.

बायकांचं हे दुखणं जुनं आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायचा निर्णय काढला. तरी गावोगावी तो अजून कागदावरच आहे.

तलाठ्यांनी गावात बसून बायकोचं नाव लावण्याचे अर्ज भरून घ्यावेत. कीर्तनकार महाराजांनीही हा विषय मांडावा. जनाबाईच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला, असं आपण भक्तीनं सांगतो. देवानं हात लावला. घरधन्यानं निदान नाव लावावं.