मास्तर, जरा थांबा!

एकतीस वर्षे खडू झिजवल्यावर मास्तरला वाटू लागते, की आता आपल्याला शिकवणारा कोणी उरला नाही. मलाही तसेच वाटे. माझा गणिताचा तास कसा घड्याळासारखा चाले! प्रश्न टाकला की उत्तर हजर. पहिल्या बाकावरची चार मुले म्हणजे माझ्या वर्गाचे चार खांबच म्हणा ना.

गेल्या वर्षी शाळेत ठरले, की शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसायचे. माझ्या वाट्याला विज्ञानाच्या तरुण बाई आल्या. तास संपल्यावर मी शाबासकीची वाट पाहत होतो. बाई हळूच म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण प्रश्न विचारून तुम्ही एक सेकंदसुद्धा थांबत नाही. मी घड्याळ लावून पाहिले."

राग आला. खोटे कशाला बोलू? पण बाईंनी पुढे सांगितले, की मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने वर्गातले बोलणे ध्वनिफितीवर घेऊन हेच मोजले होते. १९७४ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात, गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. उत्तर ऐकल्यावरही तेवढेच थांबावे, म्हणजे मूल आणखी विचार करते.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, "छेद वाढला की अपूर्णांक लहान का होतो?" आणि मनात आकडे मोजू लागलो. वाचकहो, तीन सेकंद किती लांबलचक असतात, हे फळ्यापुढे उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही! तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, भाकरी तेवढीच, खाणारे वाढले."

याच मुलाच्या वडिलांना मी त्याच्यादेखत सांगितले होते, "ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही." शिरत होते हो! बाहेर यायला मीच वाट देत नव्हतो. एकतीस वर्षांत असे किती गप्प बसले असतील, हा हिशेब मात्र मला सुटत नाही.

नुसत्या वर्षांनी मास्तर सुधारत नाही. कोणीतरी मागे बसून एकच खोड दाखवावी लागते, आणि ती रोज घासावी लागते. माझी अजून पुरती गेलेली नाही. म्हणून बाई दर गुरुवारी येतात. मी घाई केली की मागून तीन बोटे दाखवतात.

दिवाळीच्या फराळाला त्यांना घरी बोलावले आहे. "करंजी कशी झालीय?" असे आमच्या सौभाग्यवती विचारतील, तेव्हा मी मध्ये तोंड घालणार नाही. तीन सेकंद थांबेन!