अभाव नेमका कशाचा?

साहित्याच्या चर्चेत जीवाणूंचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला प्रथम १९०१ सालच्या लंडनमध्ये जावे लागेल. त्या वर्षी तेथील एका भाड्याच्या घरात दोन जपानी अभ्यासक काही आठवडे एकत्र राहिले. एक होते इंग्रजी साहित्याचे अभ्यासक नात्सुमे सोसेकी आणि दुसरे लाइपझिगमधील अध्ययन आटोपून आलेले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा. इकेदांशी झालेल्या चर्चांमुळे साहित्याचा विचार अधिक भक्कम, शास्त्रीय पायावर करावा, असे सोसेकींना वाटू लागले. त्यांचा साहित्यसिद्धान्तावरील ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. इकडे इकेदांनी १९०८ साली कोम्बु नावाच्या समुद्रशेवाळाच्या काढ्याला विशिष्ट चव कशामुळे येते, हे शोधून काढले. ते द्रव्य म्हणजे ग्लुटामेट आणि त्या चवीला त्यांनी दिलेले नाव ‘उमामी’.

हे ग्लुटामेट दुसऱ्याच वर्षी बाजारात आले. परंतु ते मिळवण्यासाठी गव्हातील प्रथिनाचे तीव्र आम्लाने विघटन करावे लागे. हे काम खर्चिक आणि किचकट होते. १९५६ साली क्योवा हाक्को या जपानी कंपनीतील शुकुओ किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. साखर आणि अमोनिया पुरवल्यास एखादा जीवाणूच ग्लुटामेट तयार करून बाहेर टाकेल काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. जिवंत पेशी आपल्या गरजेपुरतीच अमिनो आम्ले बनवते, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत असल्यामुळे हा प्रश्नच धाडसाचा होता.

त्यांची शोधण्याची रीत साधी आणि देखणी होती. निरनिराळ्या जीवाणूंच्या वसाहती वाढवायच्या, त्या अतिनील किरणांनी मारायच्या आणि त्यांच्यावर ग्लुटामेटवाचून वाढूच न शकणाऱ्या दुसऱ्या जीवाणूचा थर द्यायचा. जेथे हा दुसरा जीवाणू वाढेल, तेथे खालच्या वसाहतीने ग्लुटामेट बाहेर टाकलेले असणार. अशा रीतीने जो जीवाणू हाती लागला, तो आज कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या नावाने ओळखला जातो. जगात दरवर्षी तयार होणारे तीस लाख टनांहून अधिक ग्लुटामेट मुख्यतः त्याच्याच कुळातून येते.

या जीवाणूची एक खोड संशोधकांच्या लक्षात आली. बायोटिन हे जीवनसत्त्व त्याला स्वतः बनवता येत नाही. ते भरपूर दिले, तर तो जोमाने वाढतो, पण ग्लुटामेट बाहेर टाकत नाही. बायोटिन तुटपुंजे ठेवले, की ग्लुटामेटचा पूर लोटतो.

साहित्याच्या माणसाला येथे मोह होतो, तसा तो आम्हालाही झाला. अभावातून निर्मिती होते, हे आम्ही वर्गात किती वेळा सांगितले आहे! क्रौंचवधाच्या कथेपासून दारिद्र्यात वाढलेल्या कवीच्या चरित्रापर्यंत आमची उदाहरणे ठरलेली असतात. आता तर विज्ञानच साक्षीला आले, असे वाटावे.

परंतु प्रयोग नीट वाचला, की ही साक्ष उलटते. त्या पात्रात टंचाई फक्त एका द्रव्याची होती. साखर मुबलक होती, अमोनिया मुबलक होता, प्राणवायूचा पुरवठा अखंड होता. हा जीवाणू उपाशी नव्हता. साखर तोडली असती, तर ग्लुटामेटचा थेंबही मिळाला नसता. किनोशितांचे श्रेय ‘अभाव’ शोधण्यात नाही. कोणता अभाव, किती आणि कशाच्या मुबलकतेत, हे त्यांनी निश्चित केले.

१९५८ साली याच गटाने लायसिन मिळवले, त्यातही हाच काटेकोरपणा दिसतो. या जीवाणूत लायसिन आणि थ्रिओनिन ही दोन्ही अमिनो आम्ले पुरेशी साठली, की ती मिळून निर्मितीच्या पहिल्या टप्प्यावरील एका विकराला थोपवतात. होमोसेरिन बनवण्याची क्षमता गमावलेल्या उत्परिवर्ती जीवाणूला थ्रिओनिनही बनवता येत नाही. ते बाहेरून बेताचे दिले, की लगाम पडत नाही आणि लायसिन साठत जाते. येथेही उणीव एकच आणि तिची जागा नेमकी ठाऊक.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. बायोटिन कमी पडल्याने पेशीचे पटल कच्चे राहते आणि ग्लुटामेट गळते, असे दीर्घकाळ मानले जाई. २००७ साली जपानी संशोधकांनी दाखवले, की पटलावरील ताण बदलला की उघडणारे एक प्रथिन त्याला बाहेरची वाट करून देते. ‘गळती’ हा शब्द अपुरा ठरला, तेव्हा शास्त्रज्ञांनी तो बदलला. आमच्या समीक्षेतील ‘अभाव’ मात्र कधी तपासला गेला आहे काय?

जीवाणूवरून कवीविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. आम्हाला उसनी घ्यायची आहे ती प्रश्न विचारण्याची शिस्त. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, हे आपण प्रत्येक वर्गात सांगतो. जात्यावरच्या ओवीची परंपरा, खानदेशी बोलीचा साठा, शेतीतल्या कामाची लय आणि मुख्य म्हणजे गाणी टिपून घेणारी घरातली माणसे त्यांच्याजवळ होती, हे तितक्याच ठळकपणे सांगतो काय? त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. ती कोणी टिपलीच नसती, तर निरक्षरतेचे गुणगान करायलाही आपल्यापाशी काही उरले नसते.

हा केवळ समीक्षेतील काटेकोरपणाचा प्रश्न नव्हे. आमच्या वर्गात शिष्यवृत्ती वेळेवर न आल्यामुळे जेवणाचा डबा बंद करणारे विद्यार्थी बसतात. त्यांच्यापैकी काही कविता लिहितात. दारिद्र्य प्रतिभेला खतपाणी घालते, हे वाक्य फळ्यासमोर उभे राहून आम्ही उच्चारतो, तेव्हा ते त्यांनाही ऐकू जाते. त्यांची उपासमार आम्ही नकळत त्यांच्या साहित्याच्या खात्यावर जमा करतो, आणि ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे ठेवण्याची, वेळेवर पैसे मिळवून देण्याची आपली जबाबदारी सोयीस्कर विसरतो.

म्हणून पुढच्या वेळी उत्तरपत्रिकेत ‘अभावाने कवी घडवला’ असे वाक्य आले, तर आम्ही त्याच्या समासात दोन प्रश्न लिहिणार आहोत. अभाव नेमका कशाचा होता? आणि भरपूर काय होते?