‘झोपू दे, उतरेल’ ही समजूत घातक

१९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. बारावीचा निकाल साजरा करून निघालेला. मग पबवर कारवाई झाली. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, याचीही आठवण झाली. कारवाई हवीच. पण पार्टी मित्राच्या फ्लॅटवर असेल, तर तिथे नियम पाहायला कोणी नसते. असतात ते फक्त मित्र.

न पिणे हेच सर्वांत सुरक्षित. पण कोणी बेशुद्ध पडला, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून खोलीचे दार लोटून घेणे जिवावर बेतू शकते. पिणे थांबले तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते. यकृत तासाला साधारण एका पेगइतकीच दारू निकाली काढते. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याने तो वेग वाढत नाही. उताण्या झोपलेल्याला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सोबत झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर श्वास आणखी मंदावतो. ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, घेतल्यावर दारू चढल्याचे जाणवत नाही, म्हणून मुले आणखी पितात.

हाका मारून, हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडले असेल, झटके येत असतील, तर लगेच १०८ ला फोन करा. तोवर त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, मुद्दाम उलटी करवू नका. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. उपचार त्यावर ठरतात.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने मुले उशीर करतात. काही प्रकरणांत पोलिसांना कळवावे लागते, हे खरे. पण आधी उपचार, सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावले आहे. सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांना.

२६ जूनला अनेक महाविद्यालयांत अमली पदार्थविरोधी शपथ दिली जाते. त्या दिवशी प्राचार्यांनी आणखी एक जाहीर करावे: मित्रासाठी मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर कारवाई होणार नाही. आईवडिलांनीही मुलांना हेच सांगावे. रागवायला दुसरा दिवस आहेच. तो उजाडायला मूल जगायला हवे.