ठिपक्यांचा हिशेब

विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे त्यांचा तास सांभाळण्याचे काम कधीकधी आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराकडे येते. अशाच एका तासाला आम्ही दहावीच्या मुलांस कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची ठिपक्यांची आकृती काढावयास सांगितली आणि वर्गातून फिरू लागलो. एका वहीत मधोमध कार्बन, दोन्ही बाजूंस ऑक्सिजन, मध्ये एकेक सामाईक जोडी आणि प्रत्येकाचे आठ ठिपके पुरे, अशी मोठी रेखीव आकृती होती. आम्हांस ती आवडली. इतक्यात शेजारच्या बाकावरील मुलगी म्हणाली, "सर, यात ठिपके वीस झाले. सोळाच पाहिजेत."

तिचे म्हणणे खरे होते. कार्बनच्या बाह्यतम कवचात 4 इलेक्ट्रॉन, प्रत्येक ऑक्सिजनच्या 6; एकूण 16. उरलेले 4 त्या मुलाने पदरचे घातले होते! निपाणीच्या तंबाखूच्या अडतीत कारकुनाने कीर्दीत चार रुपये असे पदरचे मांडले, तर त्याचे सुंदर अक्षर पाहून शेटजी त्यास क्षमा करतील काय?

मग हा हिशेब जुळवावा कसा? प्रथम 16 ही जमा लिहावी. कार्बन व दोन ऑक्सिजन यांच्या मध्ये एकेक जोडी मांडावी. 4 खर्च झाले, 12 उरले. ते ऑक्सिजनांस सहा-सहा वाटले की त्यांची अष्टके पुरी होतात, पण कार्बनपाशी चारच राहतात आणि शिल्लक तर संपली! आता नवे इलेक्ट्रॉन आणावयाचे नाहीत. प्रत्येक ऑक्सिजनने आपल्याजवळची एक जोडी कार्बनबरोबर सामाईक करावयाची. दुहेरी बंध तो हाच. दोघा भावांची सामाईक विहीर दोघांच्याही उताऱ्यावर लागते, पण रानात विहीर एकच असते. त्याचप्रमाणे सामाईक जोडी दोन्ही अणूंच्या अष्टकांत मोजावयाची, एकूण बेरजेत मात्र एकदाच. एवढे ध्यानात आले की अर्धा धडा समजला.

आमचे मत असे आहे की, ही आकृती पाठ करावयाची वस्तूच नव्हे. तिचा जन्मही वर्गातच झाला. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी 1902 साली, नवशिक्या विद्यार्थ्यांस मूलद्रव्यांचे गुणधर्म समजावून देताना, अणू म्हणजे एक घन आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन, अशी रेखाटने केली होती. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. पुढे 1916 साली त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला व त्यात दोन अणूंमधील बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची सामाईक जोडी, हा विचार मांडला. जी आकृती एका शिक्षकाने समजावून देण्यासाठी काढली, ती आज न समजता घोकली जावी, हे दुर्दैव होय.

आणि घोकणाऱ्याच्या पदरी पडते तरी काय? गोठ्यात पहाटे नाकात शिरतो तो अमोनियाचा वास. नायट्रोजनचे 5 आणि तीन हायड्रोजनचे 3, मिळून 8. तीन जोड्या बंधांत गेल्या, एक उरली. पाठ करणाऱ्यास ती आकृतीच्या डोक्यावरील शोभा वाटते. मोजणारा विचारतो, "हिचे काम काय?" त्याच जोडीच्या बळावर अमोनिया आम्लातील हायड्रोजन आयन जवळ ओढतो आणि अमोनियम बनतो. पाण्यातील ऑक्सिजनपाशी अशा दोन जोड्या उरतात, म्हणून पाण्याचा रेणू वाकलेला, सुमारे 104.5 अंशांचा. कार्बन डायऑक्साइडमधील कार्बनपाशी एकही उरत नाही, म्हणून तो रेणू सरळ. हे सारे उरलेल्या ठिपक्यांवरून कळते.

तथापि, या हिशेबासही मर्यादा आहेत. हायड्रोजन दोनांतच संतुष्ट असतो. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन राहतात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण 11, म्हणजे एक विजोड राहणारच! द्रवरूप ऑक्सिजन लोहचुंबकाकडे ओढला जातो. आपण काढतो त्या साध्या आकृतीवरून त्याचे कारण सांगता येत नाही. पण नियम कोठे संपतो हेही मोजणाऱ्यालाच दिसते.

आता पालकांच्या मनातील शंकेकडे वळू. "दहावीपर्यंत मराठी, पुढे बेळगावात काय, निपाणीत काय, पी.यू.सी.चे विज्ञान इंग्रजीत. मग मराठीत शिकलेले फुकट जाणार नाही काय?" ही चिंता आम्ही खोटी म्हणणार नाही. आमच्या घरची बोली कोंकणी, शाळेची भाषा मराठी, बाजारची कानडी आणि महाविद्यालयाची इंग्रजी; प्रत्येक उंबऱ्यावर अडखळणे म्हणजे काय, हे आम्ही अनुभवले आहे. परंतु ठिपक्यांस लिपी नसते. मराठी पुस्तकातला H कानडी पुस्तकातही H च असतो. शेजारच्या कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीतून विज्ञानाचे ग्रंथ लिहिले, ते ही भाषा शास्त्र पेलू शकते या विश्वासानेच. ज्यास 'सहसंयुज बंध' मोजून समजला, त्यास पुढे 'कोव्हॅलंट बाँड' हे केवळ नवे नाव शिकावे लागेल. ज्याने नुसती आकृती घोकली, त्यास मात्र नाव आणि अर्थ दोन्ही परकेच राहतील. शिक्षकांनी आठवीपासूनच फळ्यावर मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहीत जावी, म्हणजे तो उंबरा बराच खाली येईल.

"परीक्षेत गुण आकृतीला, बेरजेला नाहीत," असे मुले म्हणतात. विद्यार्थी मित्रहो, बेरीज लिहावयास अर्धे मिनिट लागते आणि ती चुकीची आकृती वहीतच पकडते. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी तुमची आजी आधी ठिपके मोजते आणि मगच रेघ ओढते. तिचीच रीत धरा.

त्या तासाच्या शेवटी 20 ठिपके काढणाऱ्या मुलाने चार ठिपके खोडले, दोन जोड्या सरकवल्या, आणि आम्ही न सांगता आकृतीखाली 16 हा आकडा लिहिला. घंटा झाली तेव्हा तो नायट्रोजनचे दहा ठिपके मोजीत बसला होता.